सहा सहा घेत गेलं तर चटई

विषाणूंचा धडा मी सतरा वर्षं शिकवतेय. अकरावीचा वर्ग, जेवणानंतरचा तास, आणि पंखा फिरतो पण वारा लागत नाही अशी पोळ्याच्या आधीची नागपुरी उकड. फळ्यावर एक षटकोन काढायचा, आत रेघा मारून त्याचे त्रिकोण पाडायचे, मध्ये एक नागमोडी रेघ ओढायची. नागमोडी रेघ म्हणजे विषाणूचं आनुवंशिक द्रव्य, डीएनए किंवा आरएनए. भोवतीचं प्रथिनांचं कवच म्हणजे कॅप्सिड. ते लहान लहान तुकड्यांचं बनतं, तुकड्यांना कॅप्सोमिअर म्हणतात, तुकडे आपोआप जुळतात. झालं. पान उलटा. ‘आपोआप जुळतात’ म्हणताना सतरा वर्षांत माझी जीभ एकदाही अडखळली नव्हती.

यंदा मागच्या बाकावरून हात वर आला. हा मुलगा एरवी वहीत क्रिकेटच्या टीमा लिहीत असतो. “मॅडम, पण हे बंद कुठं होते?”

म्हणजे काय, विचारलं तर त्याने वहीच दाखवली. पुस्तकातल्या चित्रातले षटकोनी तुकडे त्याने एकाला एक जोडत नेले होते, मधमाश्यांच्या पोळ्यासारखे. समास ओलांडला, पान संपलं, शेवटचे दोन षटकोन तर बाकावर पेनाने काढलेले. “मी जोडून राहिलो, तं हे पसरूनच राहिलं. गोळा कधी होते याचा?”

“उद्या सांगते,” मी म्हटलं. शिक्षकाच्या ‘उद्या सांगते’चा अर्थ पोरांना पहिलीपासून ठाऊक असतो.

घरी येऊन लग्नपत्रिकांच्या जाड कागदाचे चाळीसेक षटकोन कापले आणि चिकटपट्टीने जोडत बसले. जेवणाच्या टेबलावर छान नक्षी तयार झाली. उचलून वाकवायला गेले की एक तर चुरगळायची नाही तर फाटायची. नवरा पाणी प्यायला उठला तेव्हा म्हणाला, “फरशी बसवून राहिली का?” राग आला, पण फरशीच होती ती. एका कोपऱ्यावर तीन षटकोन आले की १२० अंशांचे तीन कोन मिळून ३६० होतात, जागा संपते, वाकायला फट उरत नाही. हे मी दहावीच्या भूमितीतच शिकलेले. कॅप्सिडशी त्याचा संबंध लावायला मात्र कोणी सांगितलं नव्हतं, आणि माझं मलाही सुचलं नव्हतं.

बुधवारी सक्करदऱ्याच्या बाजारात भाजी घ्यायला गेले. तिथे एका कोपऱ्यात सुपं, टोपल्या, झाडण्या मांडून एक बुरडीण बसते. तिला मी ओळखते, म्हणजे दरवर्षी तिच्याकडून सूप घेते आणि दरवर्षी मला ती जास्त भाव सांगते. मारबतीचे दिवस जवळ आलेले. तान्ह्या पोळ्याला महालाकडून ‘रोगराई घेऊन जा गे मारबत’ ओरडत जी मिरवणूक निघते, तिच्यातल्या बडग्यांच्या, म्हणजे मोठमोठ्या पुतळ्यांच्या पोटात सगळा बांबूचा सांगाडा असतो, त्यामुळे या दिवसांत बांबूला गिऱ्हाईक असतं. मावशी मात्र डालगं विणत होती, कोंबड्या झाकायचं, मोठ्या भोकांचं.

मी भाजीची पिशवी खाली ठेवून तिथेच उकिडवी बसले, कारण तिच्या मांडीवर माझी जेवणाच्या टेबलावरची नक्षी होती. तीन दिशांनी गेलेल्या कामट्या, एकीखालून एक, एकीवरून एक, आणि मध्ये षटकोनी भोकं. अगदी सपाट. मग तिने जे केलं ते मी तीनदा करून दाखवायला लावलं. एका जागी सहावी कामटी आली तशी तिने ती भोकाभोवती घेतलीच नाही. बाजूने वळवून पुढे काढून दिली, उरलेल्या पाच एकमेकींकडे ओढल्या. भोक पाच कोनांचं झालं, आणि ओढ बसल्याबरोबर तेवढीच जागा टम्मकन वर उचलली गेली. फोडाला तोंड यावं तशी.

“एक काहून सोडली, मावशी?”

“मंग? सहा सहा घेत गेल्या तं चटई होते. डालगं कुठून होईन?”

तिने दोन डालगी दाखवली. एक नीट, खांबासारखं सरळ उतरलेलं. दुसरं तिच्या नातीने विणलेलं. ते एका अंगाला कललं होतं आणि तोंडाकडे पसरत गेलं होतं, कर्ण्यासारखं. “हे वाकडं झालं. एक कोपरा भुलली पोरगी. स्वस्तात न्या.” मी दोन्ही घेतली. कोंबड्या पाळल्यात का, असं तिने विचारलं. नाही, कॉलेजात दाखवायची, म्हटल्यावर तिने वाकड्याचा भाव परत वाढवला.

त्या रात्री मी पेन्सिल घेऊन मोजायला बसले. सरळ डालग्याला पंचकोनी भोकं किती? सहा. बाकी सगळे षटकोन. हा आकडा वाचून मला जो आनंद झाला तो सांगण्यासारखा नाही, कारण डालगं म्हणजे अर्धंच कवच. तशी दोन तोंडाला तोंड लावली तर बारा. आणि बारा हा त्या धंद्यातला अटळ आकडा आहे. नुसते षटकोन आणि पंचकोन वापरून, प्रत्येक कोपऱ्यावर तीन-तीन जोडत बंद गोळा करायचा असेल तर षटकोन वीस घ्या, दोनशे घ्या, पंचकोन बाराच लागतात. अकरांनी बंद होत नाही, तेरा मावत नाहीत. अठराव्या शतकातल्या ऑयलर नावाच्या गणितज्ञाच्या सूत्रातून हे थेट निघतं. काळ्या-पांढऱ्या फुटबॉलवरचे काळे पंचकोन मोजून पाहा. बाराच.

डोनाल्ड कॅस्पर आणि ॲरन क्लुग या दोघा शास्त्रज्ञांनी १९६२ मध्ये विषाणूंच्या कवचाचा हिशेब मांडला तो याच वाटेने. बकमिन्स्टर फुलर हा अमेरिकी रचनाकार तेव्हा त्रिकोणी जाळ्यांचे प्रचंड घुमट बांधत होता, आणि या दोघांना विषाणूचं कवच त्या घुमटांच्या जातीचं वाटलं. प्रश्न असा होता की एकाच साच्याची प्रथिनं पाचाच्या घोळक्यात (म्हणजे पंचकोनात) आणि सहाच्या घोळक्यात (म्हणजे षटकोनात), दोन्हीकडे कशी बसतात? उत्तर असं की ती किंचित वाकतात. अगदी सारख्या नाही, पण जवळपास सारख्या जागी बसतात, आणि तेवढी लवचीकता प्रथिनाच्या अंगात असते. मावशीच्या कामट्याही एकाच बांबूच्या होत्या. पंचकोनाभोवतीच्या जरा जास्त वाकलेल्या, एवढाच फरक. सगळ्यात लहान कवचाला ६० प्रथिनं लागतात, त्यापुढची कवचं साठाच्या पटीत: १८०, २४०, ४२०.

पण एकाच तुकड्याची इतकी आवृत्ती का? याचं कारण माझ्यासारख्या काटकसरी बाईला लगेच पटलं. प्रथिनातला एक दुवा लिहायला आनुवंशिक लिपीची तीन अक्षरं लागतात, आणि ती तीन अक्षरं त्या दुव्यापेक्षा कितीतरी जड. म्हणजे आतल्या चिठ्ठीवर, त्या डीएनए-आरएनएवर, स्वतःभोवतीची अख्खी पेटी एकसंध लिहायची म्हटली तर चिठ्ठी पुरायची नाही. डीएनएची रचना शोधणाऱ्या क्रिक आणि वॉटसन यांनी १९५६ मध्येच हे म्हणून ठेवलं होतं: एकच छोटा तुकडा लिहा आणि तो पुन्हा पुन्हा वापरा. तंबाखूच्या पानांवर चट्टे आणणाऱ्या विषाणूत तर हा हिशेब दुकानदाराच्या वहीसारखा चोख आहे. लांब पोकळ दांडी, ३०० नॅनोमीटर. २,१३० प्रथिनं, सगळी एकाच छापाची, जिन्याच्या पायऱ्यांसारखी गोल चढत गेलेली. आत सुमारे ६,४०० अक्षरांचा आरएनए, आणि प्रत्येक प्रथिनाच्या खाचेत त्यातली बरोब्बर तीन अक्षरं. वजनात पंचाण्णव टक्के कवच, पाच टक्के मजकूर. (आमच्या कॉलेजच्या परिपत्रकांचंही प्रमाण साधारण हेच.) ही दांडी पोकळ आहे आणि आरएनए त्या पोकळीत लोंबत नसून प्रथिनांच्या भिंतीतच रुतलेला आहे, हे दाखवण्यात क्ष-किरणांनी रेणूंची रचना शोधणाऱ्या रोझलिंड फ्रँकलिनचा मोठा वाटा होता. १९५८ मध्ये, सदतिसाव्या वर्षी ती गेली.

या दांडीचं कवच इतकं चिवट की वाळलेल्या, कुटलेल्या तंबाखूतही विषाणू वर्षानुवर्षं टिकतो. म्हणून तंबाखू मळलेल्या हाताने टोमॅटो-मिरचीच्या रोपांना हात लावू नये, साबणाने धुऊन मग लावावा, असं शेतीच्या पुस्तकांत असतं. ज्या शहरात दर दहा पावलांवर तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटला जातो तिथे हे कुणाला सांगणार? मी आमच्या माळ्याला सांगून पाहिलं. त्याने खर्रा गालाच्या दुसऱ्या बाजूला सरकवला आणि मान डोलावली.

आता ते वाकडं डालगं. त्याचे पंचकोन मोजले तर पाच भरले. पुन्हा मोजले, नेलपॉलिशचे ठिपके देत. पाचच. एक कोपरा खरंच ‘भुलली’ होती पोरगी, आणि म्हणून ते सरळ न उतरता पसरत गेलं होतं. तसंच विणत जाऊन दुसरं टोक बंद करायचं झालं तर? बाराचा नियम तर सुटत नाही. म्हणजे तिकडे सात घालावे लागतील. एका टोकाला पाच, दुसऱ्याला सात, मध्ये पसरता शंकू. हा आकार मी पाहिला होता. एचआयव्हीच्या प्रत्येक चित्रात असतो तो, गोल पिशवीच्या आत आडवा पडलेला, एका बाजूला निमुळता. आजवर मी तो फळ्यावर गाजरासारखा काढत आले आणि ‘हा आकार असा का’ हे विचारायचं राहूनच गेलं. दीडेक हजार प्रथिनं, अडीचशेच्या आसपास षटकोन, आणि पंचकोन बारा: निमुळत्या टोकाला पाच, रुंद टोकाला सात. हा नमुना १९९९ मध्ये अमेरिकेतल्या युटाच्या संशोधकांनी मांडला. त्या निबंधाच्या लेखकांत जॉन फिंच हे नाव आहे, फ्रँकलिनच्या हाताखाली तरुणपणी विषाणूंचे क्ष-किरण फोटो काढणारा विद्यार्थी. चाळीस वर्षांनी तोच माणूस त्याच पाचा-सहाच्या भानगडीत! मला त्याचा हेवा वाटला.

पुढच्या बुधवारी मी मावशीला म्हटलं, मला एक डालगं दोन्हीकडून बंद करून दे. तिने माझ्याकडे असं पाहिलं की बाजूची कांदेवालीही वळली.

“बंद डालगं कायले? कोंबडी टाकान कशी? आन टाकली तं काढान कशी?”

कॅप्सिडबद्दल मी वाचलेल्या सगळ्या कागदांत इतका नेमका प्रश्न सापडला नव्हता. कवचाने बाहेर असताना मजकूर जिवापाड जपायचा, आणि आत शिरल्यावर नेमक्या जागी, नेमक्या वेळी सोडून द्यायचा. फार घट्ट असेल तर विषाणू जन्मभर बंद पेटी. फार सैल असेल तर नाल्यातच संपेल.

सहावीत असताना मला कावीळ झाली होती. पावसाळा, नळाचं पाणी, शाळेजवळचा बर्फगोळा, काय ते कळलं नाही. कावीळ ए चा (हिपॅटायटिस ए चा) विषाणू नागडा असतो. म्हणजे कोरोनासारखं त्याच्या कवचावर चरबीचं पांघरूण नसतं. ऐकताना वाटतं की पांघरूणवालाच बळकट असेल, पण आहे उलटं. कोरोनाचं ते पांघरूण साबणाने विरघळतं, अल्कोहोलने फाटतं आणि विषाणू मेला. नागड्यांकडे विरघळण्यासारखं काही नसतंच. कावीळ ए किंवा पोलिओचा विषाणू जठरातलं आम्ल पचवून आतड्यात उतरतो. सॅनिटायझरला ते फारसं जुमानत नाहीत, साबणपाण्याने ते धुऊन काढावे लागतात. पाणी मात्र खळखळून उकळलं की कवचाचा टिकाव लागत नाही. आईचं ‘उकळूनच प्या’ हे कुठल्याही जाहिरातीपेक्षा पक्कं होतं.

तर त्या काविळीत शेजारच्या काकूंनी माझ्या गळ्यात काविळीची माळ घातली होती. कुठल्याशा झाडाच्या ओल्या काड्यांचे तुकडे दोऱ्यात गुंफलेले. पहिल्या दिवशी ती गळ्याला घट्ट होती. आठवड्याने छातीवर आली, मग बेंबीपर्यंत. माळ वाढते तशी कावीळ उतरते, असं काकू म्हणायच्या, आणि मी रोज सकाळी आरशासमोर माळ मोजायचे. त्यातली हातचलाखी कळली ती खूप नंतर. काड्यांना दोऱ्याची आवळगाठ असते. काड्या वाळून आक्रसतात, गाठी सैल पडतात, आणि आवळून ठेवलेला दोरा मोकळा होत माळ लांबत जाते. कावीळ आपली आपण बरी होत होती, माळ आपली आपण वाढत होती. पण माळ गुंफणाऱ्याच्या बोटांना मी आज दाद देते. तिने मोकळं होणं आधीच गाठीत बांधून ठेवलं होतं.

पोलिओचं कवचही असंच ताणून बांधलेलं असतं. चार प्रकारची प्रथिनं, प्रत्येकाच्या ६० प्रती, एकमेकांत अडकवलेल्या. माणसाच्या पेशीवरचा एक ठरावीक रेणू त्याला भिडला की कळ दाबल्यासारखं ते कवच किंचित फुगतं, आतल्या अंगाला दडलेलं सगळ्यात लहान प्रथिन बाहेर येतं, आणि आरएनएला पेशीत जायची वाट होते. ताण जुळतानाच भरून ठेवलेला असतो. एचआयव्हीवरचं लेनाकापाविर नावाचं औषध, जे २०२२ पासून वापरात आलं आणि सहा महिन्यांतून एकदा टोचतात, ते याच नाजूक तोलावर बोट ठेवतं. शेजारशेजारच्या दोन कवच-प्रथिनांच्या मधल्या फटीत ते जाऊन बसतं आणि कवचाची जुळणी आणि उलगडणी दोन्ही बिघडवतं.

मावशी आणि विषाणू यांच्यात एक फरक मात्र मला गिळता येईना. तिथे मावशी आहे. कुठे एक कामटी सोडायची हे तिच्या हातांना माहीत आहे. विषाणूत कोण सोडतं? १९५५ मध्ये अमेरिकेतल्या बर्कलीत फ्रँकेल-कॉनराट आणि विल्यम्स यांनी तंबाखूच्या त्या विषाणूचं प्रथिन वेगळं केलं, आरएनए वेगळा केला आणि दोन्ही पुन्हा नळीत एकत्र केले. दांड्या तयार झाल्या, पानं पुन्हा आजारी पडली. कोणी विणणारं नव्हतं. प्रथिनं एकमेकांवर आपटतात, चिकटतात, सुटतात. चिकटणं मुद्दाम कमजोर असतं. चुकीच्या जागी चिकटलेलं लवकर सुटून जातं, बरोबर बसलेल्याला चारी बाजूंनी शेजारी मिळतात आणि ते टिकतं. पहिल्याच फटक्यात घट्ट चिकटली असती तर चुकांचाच गोळा झाला असता. ‘आपोआप’ या शब्दात एवढी धडपड आहे हे मी वर्गात कधी सांगितलंच नव्हतं.

लेकीला गेल्या वर्षी एचपीव्हीची, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण ठरणाऱ्या विषाणूवरची, लस दिली. टोचून घेताना तिने विचारलं होतं, यात विषाणू आहे का? मी घाईत ‘थोडासा’ म्हटलं, आणि ते चूक होतं. त्यात विषाणू नाहीच, नुसतं डालगं आहे. एल-वन नावाचं एकच प्रथिन यीस्टच्या पेशींकडून करून घेतात, त्याचे आपोआप पोकळ गोळे जमतात, आत चिठ्ठी नाही. शरीर बाहेरची वीण पाठ करून ठेवतं. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक २०२३ पासून मिळू लागली, तीही याच जातीची. आणि गंमत अशी की या विषाणूच्या कवचातले ७२ च्या ७२ घोळके पाचाचेच, म्हणजे ३६० प्रथिनं. कॅस्पर-क्लुगच्या हिशेबाप्रमाणे त्यातल्या साठ जागी सहाचे घोळके हवे होते. हे मी वर्गात सांगणार नव्हते, परीक्षेच्या दृष्टीने गोंधळ होतो. पण सांगितलं.

मावशीने बंद डालगं शेवटपर्यंत करून दिलं नाही. पोरांनीच केलं, बांबूचं नाही, खोक्यांना बांधून येतात त्या पिवळ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांचं. सहा पट्ट्या, त्यांची सहा कडी, प्रत्येक कडं दुसऱ्यांच्या खालून-वरून गेलेलं. षटकोन एकही नाही. पंचकोनी भोकं बारा, आणि भोकांच्या कडा मोजल्या तर साठ. पहिले दोन गोळे फसले, एक तर बंद होता होता उसळून पंख्याला लागला. तिसरा जमला. शेवटची पट्टी सारायच्या आधी मागच्या बाकावरच्या त्या मुलाने खिशातून काहीतरी काढून आत टाकलं आणि टोक खोचून टाकलं.

गोळा आता प्रयोगशाळेच्या कपाटावर आहे. आत चुरगळून घट्ट बोळा केलेली कागदाची चिठ्ठी आहे. भोकांतून निळ्या शाईची अक्षरं दिसतात, वाचता येत नाहीत. चिमटा घातला तर नुसती गोल गोल पळते. काय लिहिलंय असं विचारलं की सगळा वर्ग हसतो आणि कोणी सांगत नाही. परवा प्रयोगशाळेतला शिपाई कात्री घेऊन आला होता. मीच नको म्हटलं.